मागं थांबणारा माणूस

चूक माझीच होती, आणि ती बारा फूट लांब आणि आठ फूट उंच होती. माझ्या एरवीच्या चुका घरातल्या घरात मिटतात. मंदा, म्हणजे माझी बायको, त्या दोन दिवस तोंडी लावायला घेते आणि सोडून देते. ही मात्र शिरूरमध्ये आमच्या कॉलनीच्या तोंडाशी दोन बांबूंना बांधून उभी होती आणि येणाऱ्याजाणाऱ्याला रस्त्यावरून दिसत होती.

मंदाचे थोरले भाऊ हणमंतराव यांचा आमच्या मंडळातर्फे सत्कार होता, आणि फ्लेक्सचं काम मी हौसेनं अंगावर घेतलं होतं. फ्लेक्सवाल्यानं विचारलं, "पाहुणे करतात काय?"

"फुटबॉल खेळायचे. इथं खेळले, परदेशात खेळले."

"मग गोल मारतानाचा फोटो टाकू का?"

"टाक की चांगला बघून," असं म्हणून मी शेजारी वडापाव खायला गेलो. तेवढ्यात त्यानं कॉम्प्युटरमधून कुणातरी गोऱ्या खेळाडूचं हवेत उडालेलं धड काढलं, त्याच्यावर हणमंतरावांचं डोकं बसवलं, चेंडू जाळ्यात घातला आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलं, 'गोलसम्राट हणमंतराव यांचे हार्दिक स्वागत'. त्याखाली अकरा शुभेच्छुकांचे फोटो. छापायच्या आधी त्यानं मला सगळं दाखवलं. मी फक्त माझा फोटो तपासला.

हणमंतराव सतरा वर्षं पोटासाठी फुटबॉल खेळले. त्या सतरा वर्षांत त्यांनी समोरच्यांच्या जाळ्यात एकही गोल मारला नाही. त्यांचं ते कामच नव्हतं. ते स्टॉपर होते. बचावातला मधला माणूस, ज्याच्या मागं फक्त गोलकीपर उरतो. दुसऱ्यांना गोल मारू न देण्याचा त्यांना पगार होता. आणि त्यांच्या एकुलत्या एका बहिणीचा नवरा म्हणून मला हे बावीस वर्षं माहीत होतं.

सत्काराच्या दिवशी ते दौंडहून आले आणि आधी फ्लेक्ससमोर थांबले. हात पाठीशी बांधून बराच वेळ बघत राहिले. मी बाजूला उभा राहून फ्लेक्सवाल्याला मनातल्या मनात शिव्या घालत होतो. शेवटी ते म्हणाले, "दाजी, पाय मात्र चांगलं दिलंत मला."

एवढंच बोलले आणि आत गेले. चिडले असते तर मला बरं वाटलं असतं.

हा सत्कार नुसता शाल-नारळाचा नव्हता. शेवटची वर्षं हणमंतराव मस्कतला खेळले आणि खेळणं थांबल्यावर तिथंच मुलांना शिकवायला राहिले होते. सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं म्हणून आले, ते आठ महिने दौंडला त्यांच्याजवळ होते. एवढे दिवस सलग ते घरी राहिल्याचं मंदाच्या आठवणीत नव्हतं. आता मस्कतहून पुन्हा बोलावणं आलं होतं, दोन वर्षांसाठी. मंदाला भाऊ इथंच हवा होता. इथल्या एका शाळेला खेळाचा शिक्षक पाहिजे होता, संस्थेचे अध्यक्ष आप्पा माझ्या ओळखीचे होते, आणि आप्पांना सत्काराला बोलावलं की लगेच येतात. म्हणून हा घाट. शाल हणमंतरावांच्या अंगावर आणि नजर आप्पांवर, असा तो कार्यक्रम होता. त्यांचं खेळणं सगळ्यांना कळावं म्हणून जो फ्लेक्स लावला, तोच त्यांचं खेळणं कळलं नाही असं ओरडून सांगत होता.

*

हणमंतरावांना मी पहिल्यांदा पाहिलं ते मंदाला बघायला दौंडला गेलो तेव्हा. सासरे रेल्वेत फिटर होते. क्वार्टरच्या पुढच्या खोलीत आम्ही बसलो. पोहे आले, मुलगी आली, प्रश्नोत्तरं सुरू झाली. दाराजवळच्या खुर्चीत एक उंच, सावळा माणूस बसलेला होता, आणि तो एकटक माझ्या कमरेकडं बघत होता. मी अंगाचा घाम पुसण्याच्या निमित्तानं पँटची चेन चाचपली. बंद होती. थोड्या वेळानं पुन्हा चाचपली. तरी त्याची नजर हलेना. पोह्यांना चव कशी होती हे मला आजही सांगता येणार नाही.

लग्न ठरल्यावर मंदानं खुलासा केला. आम्ही गेल्यावर हणमंतराव म्हणाले होते, "पोरगा बरा हाय. बोलत वडलांशी होता, पर कंबर सारखी मंदीकडं वळत होती."

हे त्यांचं शास्त्र होतं. चेंडू घेऊन अंगावर येणाऱ्या माणसाच्या पायाकडं बघायचं नाही, डोळ्यांकडं तर अजिबात नाही. "पाय फसवत्यात दाजी, डोळं फसवत्यात. कंबर न्हाई फसवत. मानसाला जिकडं जायाचं असतंय तिकडं ती आधी वळती." त्यानंतर मी त्यांच्यासमोर कधी मोकळेपणानं उभा राहू शकलो नाही. "अजून थांबा, जेवूनच जा," असं मी पाहुण्यांना म्हणत असलो की हणमंतराव लांबून माझ्या कमरेकडं बघून गालात हसायचे.

आमच्या लग्नाला ते नव्हते. कलकत्त्याच्या क्लबची मॅच होती, सुट्टी मिळाली नाही. लग्नात नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो, बहिणीला नीट सांभाळ म्हणून. चुलत भाऊ पुढं झाला, तर मंदानं बोहल्यावरूनच त्याला थांबवलं. "दादाचा मान हाय, त्यो आल्यावर बघंल." माझा कान तेव्हापासून तसाच राहिला. हणमंतराव सुट्टीवर आले की मी कान पुढं करायचो आणि ते म्हणायचे, "एवढी काय घाई हाय? बघू पुढच्या येळंला." बावीस वर्षं हे चाललं. मला हळूहळू त्या न पिळलेल्या कानाचा आधार वाटायला लागला. तो शिल्लक आहे म्हणजे माणूस परत येणार.

ते मागं थांबायला कसे लागले, ती गोष्ट मंदाकडून ऐकावी. दौंडच्या रेल्वे ग्राउंडवर कॉलनीतली सगळी मुलं खेळायची आणि सगळ्यांना पुढंच खेळायचं असायचं. शिकवायला एक रिटायर झालेला इंजिन ड्रायव्हर होता. त्यानं रोज विचारायचं, मागं कोण थांबणार, आणि रोज भांडणं व्हायची. एक दिवस हणमंतराव म्हणाले, "मी थांबतो." कारण काय, तर मंदा त्या वेळी लहान होती, ग्राउंडच्या कडेला बसलेली असायची आणि पलीकडं रूळ होते. मागं थांबलं की एक डोळा तिच्यावर ठेवता यायचा. म्हणजे त्यांच्या सतरा वर्षांच्या नोकरीचं मूळ माझ्या बायकोपाशी आहे. ती हे वर्षातून चार वेळा तरी सांगते आणि मी प्रत्येक वेळी नव्यानं ऐकतो.

ती सवय त्यांच्या अंगात कायमची राहिली. रस्त्यानं चालताना ते नेहमी गाड्यांच्या बाजूला आणि आपण आत. आपण बाजू बदलली की तेही न बोलता बदलणार. तळेगावच्या आठवडे बाजारात आम्ही गेलो, तर मंदा भाजी निवडत असताना ते तिच्या पाठीशी असे उभे, की माणसांची रेटारेटी त्यांच्या खांद्यांवर अडावी. लग्नकार्यात मांडवाच्या शेवटच्या खांबाशी उभं राहायचं आणि तिथून हातानं माणसं सरकवायची. तुम्ही डावीकडं, तुम्ही जरा पुढं. वाढपी त्यांना यजमान समजायचे.

आणि उलटं पळणं. समोरच्यावर नजर ठेवून मागं मागं पळायचं, याचा ते रोज पहाटे अर्धा तास सराव करायचे. एकदा आम्ही माझ्या मामांकडं कवठे येमाईला मुक्कामी गेलो होतो. हे सकाळी उठून रस्त्याला लागले आणि पाठमोरे पळायला लागले. समोरून दुधाची किटली घेऊन एक आबा येत होते. ते थांबले.

"पावणं, तोंड तिकडं आन् जाणं इकडं. कुणाच्या घरातनं पळून चाललाय?"

"सराव हाय, आबा."

"कशाचा?"

"मागं पळायचा."

आबांनी किटली खाली ठेवली. "ते शिकावं लागतंय व्हय? आमचं समदं गाव न शिकता करतंय."

नंतर आबांनी मामांना गाठून सांगितलं, "तुझ्या भाच्याचा मेव्हणा मानूस सोन्यासारखा हाय, पर गिअर एकच हाय त्याला, त्यो बी रिव्हर्स." हणमंतरावांना हे इतकं आवडलं, की मस्कतहून फोन केला तरी ते अधूनमधून त्या आबांची तब्येत विचारायचे.

त्यांचे फोन हे एक प्रकरणच होतं. स्वतःचं काही सांगायचे नाहीत. गोवा, कलकत्ता, मग मालदीव, मग मस्कत. कुठंही असले तरी "बरं हाय" एवढीच बातमी. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं आम्हाला तीन महिन्यांनी कळलं, तेही त्यांनी जिना चढताना कठडा धरला म्हणून. विचारायचे मात्र सगळं. बाजारात मेथी कशी आहे, उसाला तोड आली का, कारेगावात आमच्या कंपनीजवळचा चहावाला अजून तिथंच बसतो का. सासूबाईंशी बोलून झालं की म्हणायचे, "आई, जरा फोन खिडकीत धर." सासऱ्यांनी रिटायर झाल्यावर रुळांजवळच घर बांधलं होतं. खिडकीतून स्टेशन ऐकू येतं; भोंगे, शंटिंगचे धक्के, गाडी अमुक फलाटावर येत आहे वगैरे. सासूबाई हात अवघडेपर्यंत फोन धरून उभ्या राहायच्या. एकदा मी तिथं होतो. मी म्हणालो, "आई, द्या मी धरतो." तर म्हणाल्या, "नको, जावईबापू. तुमचा हात हलंल."

दर सुट्टी संपताना एक भांडण ठरलेलं असायचं. हणमंतराव सामान भरायचे आणि मंदा म्हणायची, "दादा, एक तरी वस्तू ठेवून जा. घरात तुझं कायतरी असू दे." ते ठेवायचे नाहीत. टॉवेलसुद्धा नाही. "मागं काय राहिलं की ध्यान मागंच ऱ्हातंय," म्हणायचे. सगळ्यात शेवटी बूट. कलकत्त्यात घेतलेले चामड्याचे बूट होते. खेळायला दुसरे आले तरी त्यांनी ते टाकले नाहीत. दर महिन्याला खोबरेल तेल लावून ठेवायचे. ते बॅगेत घालायचे नाहीत, कापडी पिशवीत घालून हातात न्यायचे. गाडी सुटताना दारात उभे राहिलेले हणमंतराव आणि त्यांच्या हातातली ती पिशवी, हे चित्र मंदाला इतकं पाठ होतं, की तसली कापडी पिशवी ती आमच्या घरात वापरू देत नाही. मी भाजीला गोणपाटाची पिशवी नेतो.

*

तर, सत्कार. शाल झाली, नारळ झाला. आप्पा भाषणाला उभे राहिले. समोर फ्लेक्सवर हवेत उडालेले हणमंतराव आणि खाली खुर्चीत बसलेले हणमंतराव, दोघांकडं बघून आप्पांनी माइकवरच विचारलं, "सम्राट, आतापर्यंत एकूण गोल किती मारले म्हणायचे?"

हणमंतराव उठले. "एक," ते म्हणाले. "त्यो बी आपल्याच जाळ्यात."

मांडव हसला. आप्पा सगळ्यात जास्त हसले आणि डोळे पुसत म्हणाले, "खरं बोलणारा मानूस शाळेला पायजेच. जूनपासून या." टाळ्या झाल्या. मंदानं माझ्याकडं बघितलं. त्या दिवसातली तिची तेवढीच एक नजर मला मानवली.

त्या एका गोलाची हकिकत त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना सांगितली. मस्कतला मॅच चालू होती. सात महिने त्यांच्या कानावर मराठी पडली नव्हती. फोनवर पडायची तेवढीच. उंच चेंडू येत होता, ते तो डोक्यानं काढणार होते. तेवढ्यात पाठीमागच्या कठड्यावरून कुणीतरी ओरडलं, "हणमंतराव, सांभाळा!" त्यांनी मान वळवली. निमिषभर. चेंडू त्यांच्या गुडघ्याला लागून आपल्याच जाळ्यात गेला.

"कोण होतं?" मंदानं विचारलं.

"केडगावचा एक इलेक्ट्रिशियन. पेपरात नाव वाचून मॅच बघायला आलता. मॅच झाल्यावर बाहेर उभा, रडवेला. हातात शेंगदाण्याच्या चटणीची पुडी. म्हनला, दादा, मी वरडलो नसतो तर बरं झालं असतं."

"मग तू काय म्हनलास?"

"म्हनलं, परत वरड. आता चेंडू न्हाई."

ते हसले. हसताना त्यांचा हात मात्र टेबलावरचा कागद पुन्हा पुन्हा सरळ करत होता. तो मुळात सरळच होता.

शाळेचं ठरलं, असं मी धरून चाललो होतो. चार दिवसांनी आम्ही दौंडला गेलो तर हणमंतराव परसात शिडीवर चढलेले. आमचा फ्लेक्स त्यांनी मंडळाकडून मागून आणला होता आणि सासूबाई जिथं दुपारी बाज टाकतात तिथं वरून ताणून बांधत होते. आपल्याकडं प्रत्येक फ्लेक्सचा शेवट असाच होतो. कुणाचं तोंड कांद्यावर, कुणाचं कडब्यावर. हणमंतरावांनी मात्र चित्राची बाजू खाली ठेवली होती.

"वर ऊन लागून चित्र उडतंय," ते म्हणाले, "आन् आईला पडल्या पडल्या दिसंल."

तेव्हाच मला कळायला हवं होतं. मला ते चहा झाल्यावर कळलं, त्यांनी सांगितल्यावर.

"दाजी, मी जातो. दोन वर्सं."

मंदा आत भांडी लावत होती. भांड्यांचा आवाज थांबला.

मी म्हणालो, "हणमंतराव, त्या फ्लेक्सचं मनावर घेतलंत का? चूक माझी होती."

"त्याचं काय न्हाई वो. हितल्या ग्राउंडवर रोज जातोय मी. पोरं गुणी हायत. पर म्हनलं, मागं कोन थांबतंय, तर एकानं हात वर केला न्हाई. मला माझं ल्हानपन आठवलं. तिकडं तेरा पोरं हायत, मागं थांबनारी. मी तयार केलेली. अर्ध्यात जागा सोडून आलोय, दाजी. रोज फोन करत्यात, कवा येताय म्हणून. आप्पांना सांगितलंय मी. ते म्हनले, दोन वर्सांनी या, पर या."

मंदा दारात आली. तिला खूप बोलायचं होतं, हे दिसत होतं. त्याआधी बाजेवरून सासूबाई बोलल्या. "जाऊ दे गं त्याला. दोन वर्सं मी कुटं जात न्हाई." वर फ्लेक्सकडं बघत त्या म्हणाल्या, "आन् ह्यो हाय की हितं. उड्या मारतोय."

*

ठरल्या दिवशी दुपारच्या गाडीनं ते निघाले. आम्ही दोघं दौंड स्टेशनवर सोडायला गेलो. फलाटावरही ते गाडीच्या बाजूला आणि आम्ही आत, असेच चालले. सामान आत ठेवून ते परत खाली उतरले. मंदा त्यांच्या पाया पडली. मी नेहमीप्रमाणं, काहीतरी विनोद करायचा म्हणून, कान पुढं केला.

आणि त्यांनी तो पिळला.

चांगला जोरात पिळला. बावीस वर्षांचा पिळला. "सांभाळा हिला," म्हणाले आणि गाडीत चढले.

मी कान धरून उभा राहिलो. डोळ्यांत पाणी आलं, ते कानाचं आहे असं मी स्वतःला सांगितलं. गाडी हलली. ते दारात उभे होते, तोंड आमच्याकडं करून हात हलवत होते. आणि मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं शास्त्र त्यांच्यावर चालवलं, कमरेकडं बघितलं. कंबर पुढं वळलेली होती. मग रुळाला बाक आला आणि एक हात तेवढा दिसत राहिला, मग तोही नाही.

शिरूरकडं परत येताना मला राहवेना. मी म्हणालो, "मंदा, तुला सांगू नये, पण कान पिळून टाकला त्यांनी. काही शिल्लक ठेवलं नाही. आणि कंबर बघितली मी. पुढं वळली होती. आता काही ते राहायला येत नाहीत."

मंदा खिडकीतून बाहेर बघत होती. तशीच म्हणाली, "कंबर बघत बसलात. हात बघायचे होते. रिकामे होते दोन्ही. बूट माझ्याकडं देऊन गेलाय. म्हनला, मी येईस्तोवर दर महिन्याला तेल लावत जा."